वीस जूनच्या आत गळलं पाहिजे

देवासच्या श्रीनिकेतन विहारात, सात नंबरच्या घरात, शिवानी रोज सकाळी साडेसातला छताकडे बघत उभी राहायची. काखेत मोना, हातात पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव की वरून कोणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि आपण ते ऐकायचं चुकवलं तर संपलंच सगळं.

वर एक डाग होता. अडीच वर्षांच्या मोनाच्या छोट्या पलंगाच्या अगदी बरोब्बर वर. फुलक्याएवढा, एका कडेला जरासा ओघळलेला, पिवळट तपकिरी. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो शिवानीला पहिल्यांदा दिसला. आदल्या दिवशी कॉलनीतल्या बायकांनी तिला ओढून बाहेर नेलं होतं आणि तासभर ती रंग खेळली होती, म्हणजे शरीरानं. मन घरात मोनापाशी. बाजारचे रंग नाहीत, गुलाल नाही, फार तर आजीनं धारहून पाठवलेल्या पळसाच्या फुलांचं पाणी, असं विपुलला तीन वेळा बजावून ती गेली होती. परत आली तेव्हा मोना खिदळत होती आणि विपुल फरशी पुसत होता. नवरा आपण होऊन फरशी पुसतोय हे बघून तिला त्या दिवशी भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी डाग दिसला आणि ते भरून आलेलं ओसरलं.

तिनं शिडी लावली, डागाभोवती पेन्सिलीची रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा चढली. डाग रेघेच्या आतच होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आतच. दुसरी एखादी बाई यावर खूश होऊन शिडी परत करून आली असती. पण शिवानी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होती, आणि वाढत नाही पण मरतही नाही अशी गोष्ट म्हणजे संधीची वाट बघणारी गोष्ट, हे तिला दोन वर्षं शिकवलेलं होतं.

"पुट्टी मारून टाकू," विपुल म्हणायचा. विपुल औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. तिथे दिवसभर तो लोकांच्या मालातले दोष काढी. घरी मात्र डागाचा विषय निघाला की त्याला हटकून कूलरमध्ये पाणी भरायची आठवण होई.

"पुट्टीनं डाग झाकतो, गळती नाही."

"अगं, पण गळत कुठंय?"

हाच तर सगळा घोळ होता. घर घ्यायचा हट्ट शिवानीचा. विपुल कंपनीच्या क्वार्टरमध्ये सुखात होता. स्वतःची गच्ची हवी, मोनाला वर खेळता यावं, सांडगे-कुरडया वाळत घालता याव्यात, असं म्हणून म्हणून तिनंच हे घर घ्यायला लावलं होतं. आता त्याच गच्चीनं दगा दिला तर विपुल एका शब्दानं बोलला नसता, आणि ते न बोलणं तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मग तिनं घराच्या ताब्याची फाइल काढली. चौदा घरांच्या त्या रांगेत ही फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ती पहिलीच व्यक्ती असावी. भिंतींची आणि पायाची हमी पाच वर्षं. गच्चीच्या गळतीची हमी एक वर्ष. ती घर ताब्यात आल्यापासून नव्हे, बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून. आणि दाखल्यावर तारीख होती गेल्या वर्षीची वीस जून. हे राहायला आले दसऱ्याला. म्हणजे गेला अख्खा पावसाळा या गच्चीखाली राहायला कोणी नव्हतं, आणि यंदाचा येईपर्यंत हमी संपणार होती. कारण आपल्या माळव्यात पाऊस वीस जूनच्या आत येतो तो फक्त वर्तमानपत्रात.

तिनं बिल्डरला फोन लावला. धवलभाई फोनवर इतके गोड बोलत की फोन ठेवल्यावर गूळ-पाणी घेतल्यासारखं वाटे.

"भाभीजी, टेंशन मत लो. छत टपके तो आधी रात को फोन करना."

"पर टपकेगी तो बारिश में ना? और गारंटी तो बीस जून तक ही है."

"तो बारिश आने दो ना भाभीजी!"

"बीस जून के बाद आई तो?"

"तब की तब देखेंगे," धवलभाई म्हणाले, आणि त्यांना पलीकडून दुसरा फोन आला. त्यांना नेहमीच पलीकडून दुसरा फोन यायचा.

फाइलीच्या शेवटी 'छत की देखभाल' नावाचं दीड पानाचं प्रकरण होतं. घर नवीन घेतलेल्यांनी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा गच्ची तपासावी. पाण्याच्या पाइपाची तोंडं साफ करावीत, भेगा पाहाव्यात, कोबा ठोकून कुठे पोकळ वाजतो का ऐकावं, आणि गच्ची व कठडा जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर काठ, ज्याला गवंडी 'गोला' म्हणतात, तो नीट निरखावा. शिवानीनं कॉलेजातलं भिंग काढलं आणि मे महिन्याच्या सकाळी, डोक्याला ओढणी गुंडाळून, गुडघ्यांवर रांगत अख्खी गच्ची वाचून काढली. मोना पाठीवर बसून "घोडा, घोडा" करत होती. सापडलं ते असं: एक पतंगाचा मांजा, पाइपाच्या तोंडात कबुतराचा संसार, दोन केसासारख्या भेगा, आणि पलीकडच्या आठ नंबरच्या घराशी जो सामायिक कठडा होता त्याच्या बुडाशी, गोल्यात उगवलेलं वीतभर पिंपळाचं रोप.

आठ नंबरात विक्रमसिंह राहत. खातेगावहून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्त झाल्याची बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. ते आपल्या गच्चीवर उभे राहून हा सगळा प्रकार पाहत होते.

"बेटा, कुछ गुम गया क्या?"

"नहीं अंकलजी, छत देख रही हूँ. ये पीपल निकालना पड़ेगा."

विक्रमसिंहांनी कानाला हात लावले. "पीपल को हाथ मत लगाना. पाप लगता है. मेरी तरफ है, मैं तो रोज पानी देता हूँ इसको."

शिवानीनं पाणी देण्याविषयी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात ते कठडा ओलांडून अलीकडे आले. हातातल्या काठीनं त्यांनी चार ठिकाणी कोबा ठोकला, डोळे मिटून आवाज ऐकला आणि निकाल दिला. "टनाटन है. मैं बोल रिया हूँ ना. तीस साल जमीनें नापी हैं, ठोक के बता देता हूँ नीचे क्या है. आपको वहम है बेटा."

वहम! हा शब्द त्या दिवसापासून कॉलनीत शिवानीच्या नावाला चिकटला. दुधाच्या रांगेत "डाग काय म्हणतोय?" अशी चौकशी होऊ लागली. कोणी म्हणालं डांबर ओता, कोणी म्हणालं वरून पत्रे टाका, एकीनं तर मोनाचा पलंग सरकवायचा सल्ला दिला. शिवानीनं पलंग मार्चमध्येच सरकवला होता. पण त्यानं डाग काही सरकला नव्हता.

शेवटी तिनं धारला फोन केला. सासरे, बापूसाहेब, म्हणजे तिचे मामंजी. पवारांच्या दरबाराबरोबर आलेलं घराणं. त्यांचं मराठी अजून तिथेच थांबलेलं. त्यांनी पाच मिनिटं चुन्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालून केलेल्या गच्च्यांचं गुणगान केलं आणि मग मुद्द्यावर आले.

"सूनबाई, काठ्या आपटून गच्ची कळत नाही. गच्चीचं खरंखोटं पाण्यालाच ठाऊक. पाइपांची तोंडं बुजवा, दारात मातीचा बांध घाला, चार बोटं पाणी भरा आणि दोन दिवस तुंबू द्या. गळायचं असेल तर गळेल. पावसासाठी खोळंबता कशाला?"

शिवानीला एकदम हलकं वाटलं. पाऊस येत नसेल तर आपणच आणायचा! हे इतकं सोपं होतं. फक्त एक अडचण होती. देवासला जूनमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही येतंय न येतंय तोच जातं. अशा गावात गच्चीवर चार बोटं पाणी भरायचं म्हणजे टँकर हवा, आणि टँकरसाठी पाणीवाटपाच्या कार्यालयात अर्ज हवा.

खिडकीतल्या बाबूंनी न बघताच अर्ज सरकवला. "कारण पर निशान लगाओ."

कारणं तीन होती. विवाह, गमी म्हणजे घरातला मृत्यू, आणि धार्मिक आयोजन. शिवानीनं अर्ज उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"भाईसाहब, मुझे छत की जाँच के लिए चाहिए."

"शादी है?"

"नहीं."

"गमी हुई है?"

"नहीं नहीं!" शिवानीनं काखेतल्या मोनाला घट्ट धरलं.

"तो कॉलम नहीं है."

शिवानीनं मग बोलायला सुरुवात केली. दाखल्याची तारीख, हमी, डाग, पेन्सिलीची रेघ, आणि नंतर तेच पाणी कॉलनीच्या बागेत वाळत चाललेल्या झाडांना सोडणार असल्याची लेखी ग्वाही. मागची रांग वाढत गेली. बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि अतिशय मायेनं म्हणाले, "मैडम, किसी को मारना तो है नहीं. शादी का कार्ड लगता है. धार्मिक में कुछ नहीं लगता." आणि त्यांनीच तिसऱ्या चौकोनात खूण केली. "कौन सा आयोजन?"

मागून कोणीतरी "जल्दी करो भेन" म्हणालं. शिवानीच्या तोंडून निघून गेलं, "जलाभिषेक."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं बोललेलं खोटं फार लांब जातं. टँकरांचं वेळापत्रक कॉलनीच्या ग्रुपवर यायचं, हे तिला माहीत होतं. आपलंही येईल हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर झळकलं: 'शनिवार प्रातः ८ बजे, मकान क्र. ७, जलाभिषेक. एक टैंकर.' खाली अडतीस नमस्कार. मग एकीनं लिहिलं, "भोत अच्छा विचार, बारिश की बहुत जरूरत है." विक्रमसिंहांनी लिहिलं, "सपरिवार उपस्थित रहेंगे." शेवटी विपुलनं ते धारला, आईवडिलांना पाठवलं. का, ते त्यालाही सांगता येईना.

शिवानी त्या संध्याकाळी जेवली नाही. डागासाठी ती कोणाशीही भांडली असती, पण देवाच्या नावानं टँकर मागवला हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. शुक्रवारी दुपारी मामंजी आणि सासूबाई धारच्या बसनं येऊन थडकले. मामंजींच्या हातात पितळी डबा होता. शिवानीनं चहाचा कप ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं.

मामंजींनी चहा संपवला. मग डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेला नर्मदेतला काळा बाण, म्हणजे त्यांच्या देवघरातला पिढीजात महादेव.

"पावसानं ओढ दिली की महादेवाला पाण्यात बसवायचं, ही आपल्याकडची चालच आहे, सूनबाई. आजोबांनी दोनदा केलंय. तुम्ही खोटं लिहिलंत असं म्हणता ना? तर मग उद्या ते खरं करू या. दोष खोडण्याचा तेवढाच मार्ग."

"पण मामंजी, मला तर डाग..."

"महादेव आपलं बघेल, डाग आपलं बघेल. पाणी एकच."

शनिवारी टँकर आला तो आठच्या ऐवजी सव्वासातला, कारण तो उशिरा येईल हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याचा पाइप पोर्चच्या वर जाईना. "मैडम, पाइप तो इत्ता ई है," ड्रायव्हर म्हणाला आणि बिडी पेटवून सावलीला गेला. विपुलनं घरची मोटर जोडून पाहिली. तिनं एकदा हुंकार दिला, धूर सोडला आणि मौन धरलं. पाइपांची तोंडं बुजवायला आणलेली काळी माती मोनानं अर्धी आजीच्या चपलांत भरली होती. आणि तेवढ्यात रांगेतल्या चौदा घरांमधून माणसं निघाली. बेलपानं, नारळ, आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या.

विक्रमसिंहांनी परिस्थिती क्षणात ताब्यात घेतली. पूर आलेल्या गावी मदत वाटायला उभे राहावेत तसे ते जिन्यात उभे राहिले. "लाइन बनाओ! लोटे-वोटे छोड़ो, बाल्टी लाओ! नीचे से भरी, ऊपर से खाली! विपुल भिया, आप सबसे नीचे!" बादल्या हातोहात चढू लागल्या. वर सासूबाईंनी चौरंगावर बाण मांडला होता. मामंजी सोवळं नेसून रुद्र म्हणत होते आणि मधेच तो न तोडता हातानं खुणावत होते की पाणी त्या कोपऱ्यात टाका, तिकडे अजून दोनच बोटं झालंय. दोन तासांत गच्चीवर तळं झालं. मधोमध महादेव, आणि त्यात देवासच्या टेकडीचं प्रतिबिंब. शिवानीनं एवढ्या सगळ्यात एक क्षण हात जोडले. काय मागावं हे मात्र तिला कळेना. गळू दे म्हणावं तर घर खोटं ठरतं. गळू नको म्हणावं तर आपण.

मग ती खाली आली आणि डागाखाली खुर्ची टाकून बसली.

शनिवार गेला. डाग रेघेच्या आत. रविवार गेला. कॉलनीतली माणसं दर्शनाला येत, वर जाऊन महादेवाला नमस्कार करत आणि उतरताना मोनाच्या खोलीत डोकावून विचारत, "टपका?" शिवानी मान हलवी. सासूबाईंनी तिच्या हातात पोह्यांची ताटली दिली, तर तिनं तीही मान वर करूनच खाल्ली. मोना दोन दिवस ओरडत होती की मलाही पाणी टाकायचंय. तिला कोणी वर जाऊ देत नव्हतं.

सोमवार, वीस जून. सकाळी दहाला धवलभाई आले. पांढरे बूट, कपाळाला गंध, हातात नारळ. जलाभिषेकाचं त्यांनाही कळलं होतं. त्यांनी आधी वर जाऊन दर्शन घेतलं, मग खाली येऊन डागाखाली उभे राहिले. त्यांच्यामागे विपुल, मामंजी, सासूबाई, आणि काठीसह विक्रमसिंह.

धवलभाईंनी हात वर करून डागाला बोट लावायचा प्रयत्न केला. पोचेना. शिवानीनं शिडी दिली. त्यांनी चढून डाग चोळला, बोट सगळ्यांना दाखवलं. कोरडं ठणठणीत.

"दो दिन पानी भरा रहा भाभीजी, और एक बूँद नहीं. ऐसी छत पूरे देवास में नहीं मिलेगी." त्यांनी खिशातून कागद काढला. तो लिहूनच आणला होता. 'छत की जाँच हुई, कोई रिसाव नहीं पाया गया.' "बस, एक साइन."

"मैंने तो पहले ही बोल दिया था," विक्रमसिंह म्हणाले. "डंडे से चार जगह ठोका था. वहम का इलाज थोड़े ही है."

शिवानीनं पेन घेतलं. तिचे कान तापले होते. सबंध कॉलनीला बादल्या उचलायला लावल्या, महादेवाला धारहून बसनं आणवलं, आणि हाती लागलं काय, तर एक कोरडा डाग. आपण उगाच घाबरलो, एवढंच तर सिद्ध झालं. घर चांगलं निघालं, याचा आनंद कधी होणार याची ती वाट बघत होती. तो येत नव्हता. एम.एस्सी.च्या मनानं शेवटचं बंड केलं: मग हा डाग कशाचा? पण बोट तर कोरडं होतं. तिनं कागद भिंतीवर टेकवला आणि 'शि' लिहिलं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "अजी सुनते हो! जल्दी आओ!"

ती विक्रमसिंहांच्या बायकोची, अंजूकाकींची हाक होती. अशी हाक त्या फक्त साप निघाल्यावर मारत. सगळे धावले. शिवानी पेन हातात घेऊनच धावली.

आठ नंबरातल्या बैठकीच्या खोलीत, सामायिक भिंतीवर, विक्रमसिंहांचं निवृत्तीचं मानपत्र टांगलेलं होतं. चंदेरी चौकट, लाल मखमल. त्या चौकटीच्या वरच्या काठावरून पाणी संथपणे, दरबारी चालीनं, खाली उतरत होतं. मखमलीचा रंग भिंतीवरून ओघळत होता. भिंत छतापासून कमरेपर्यंत ओली होती. विक्रमसिंह मानपत्र काढायला पुढे झाले, आणि वरून एक टपोरा थेंब त्यांच्या टकलावर पडून फुटला.

दुसरा थेंब पडला.

"पीपल," शिवानी हळूच म्हणाली. "अंकलजी, वो गोला वहीं फटा है. हमारी छत का पानी उस दरार से आपकी दीवार में उतरा है."

धवलभाईंना सुटकेचा दोर दिसला. "तो ये तो पीपल की वजह से है! पौधे की गारंटी हम नहीं देते. और अंकलजी तो खुद रोज पानी..."

विक्रमसिंहांनी टक्कल पुसलं. इतके दिवस ज्या बाजूला ते होते ती बाजू त्यांनी अशी सोडली की मध्ये पाऊल टाकलेलं कोणाला दिसलंही नाही. "पीपल दरार में उगता है धवल भिया. दरार पीपल में नहीं उगती. आज क्या तारीख है?"

धवलभाई फोन चाचपू लागले.

"बीस जून है," विक्रमसिंह म्हणाले, आणि त्यांचा आवाज खातेगावला पोचला. "अंजू, मेरा पैड लाओ. पंचनामा होगा."

आणि खरोखर पंचनामा झाला. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून त्यांनी जसे केले तसाच. 'आज दिनांक बीस जून, समय प्रातः दस बजकर पच्चीस मिनट, हम पंच निम्न हस्ताक्षरकर्ता मौके पर उपस्थित...' भिंतीची लांबी टेपनं मोजली, थेंब घड्याळ लावून मोजले, मिनिटाला अकरा. पंच म्हणून मामंजींनी मोडीच्या वळणाची सही केली. शिवानीच्या हातात पेन होतंच. तिनं पूर्ण सही केली, 'शि'सकट. धवलभाईंनी दोनदा फोन वाजत असल्याचं सांगितलं, पण तो वाजत नव्हता. शेवटी तेही सही करून मोकळे झाले: दहा दिवसांत दोन्ही घरांचा गोला नव्यानं. तोवर बातमी बाहेर फुटली होती आणि उरलेल्या बारा घरांतले लोक दारात उभे राहून, आमच्याही गच्चीवर महादेव कधी बसवणार, असं मामंजींना विचारत होते.

"बेटा," विक्रमसिंह शिवानीला म्हणाले, मानपत्र उन्हात वाळत घालता घालता, "नजर हो तो ऐसी हो. मैं तो पहले दिन से बोल रिया था."

घरी आल्यावर शिवानी खूप दिवसांनी हसली, खुर्चीत बसून, पाय पसरून. मग आपोआप तिची मान वर गेली. डाग होता तिथेच होता. कोरडा, रेघेच्या आत, तारखेसकट.

"पण मग," ती म्हणाली, "हा कशाचा?"

विपुलला कूलरमध्ये पाणी भरायची आठवण झाली. तो दारापर्यंत पोचला होता. पण दोन दिवस पाण्यापासून लांब ठेवलेल्या मोनाला एवढ्या गडबडीत तीर्थाचा तांब्या सापडला होता. पलंगाखालून तिनं आपली रंगपंचमीची पिचकारी ओढून काढली, तांब्यात बुडवून सवयीच्या हातानं दांडा मागे खेचला, पलंगावर चढली, पोटाला पिचकारी टेकवून वर रोखली आणि दाबली. छतावर, पहिल्या डागापासून हातभर अंतरावर, फुलक्याएवढं ओलं उमटलं. एका कडेला जरासं ओघळलं.

"बाबा, आता तू!" मोना म्हणाली आणि पिचकारी विपुलपुढे धरली.

सगळे विपुलकडे बघू लागले. विपुल कूलरकडे बघत होता.

"तूच म्हणालीस," तो अखेर कूलरला उद्देशून म्हणाला, "बाजारचे रंग नकोत, पळसाचं पाणी चालेल. ते छतावर गेलं की पिवळं राहतं, हे मला काय माहीत? मी त्याच दिवशी सांगणार होतो. पण तू शिडी आणलीस. मग भिंग आणलंस. मग टँकर आला. मग बाबा महादेव घेऊन आले. आता कुठे सांगू, सांग!"

"फुलं मीच पाठवली होती," सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांचे खांदे हलताना स्वयंपाकघरापर्यंत दिसत होते. मामंजींनी मोनाकडून पिचकारी काढून घेतली. मग म्हणाले, "चिरंजीव, तीन महिने बायकोला खुर्चीत बसवून छताकडे बघायला लावलंत. फरशी पुसलीत तीही यासाठीच का?"

शिवानीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण वाटेत त्याला पलीकडची ओली भिंत दिसली, टकलावरचा थेंब दिसला, आणि तो तिथेच अडखळला. या डागानं तिला छळलं नसतं तर तिनं फाइल उघडली नसती. फाइल उघडली नसती तर वीस जून कोणाला कळलाच नसता. ती उठली, शिडी लावली, दुसऱ्या डागाभोवतीही पेन्सिलीनं रेघ ओढली आणि तारीख घातली. मग विपुलला वर बोलावून त्याच्याकडून शेजारी सही करून घेतली. पुट्टी मारायची नाही, असं त्या दिवशी ठरलं. अजून मारलेली नाही.

पिंपळाचं रोप मामंजींनी मंत्र म्हणून मुळासकट सोडवलं आणि टेकडीच्या पायथ्याशी लावलं. विक्रमसिंह आता त्याला पाणी घालायला झारी घेऊन तिथे जातात. गच्चीचं पाणी बागेत सोडलं. नवा गोला आठव्या दिवशी झाला, आणि तो झाल्यावर फाइलीतलं प्रकरण पुन्हा उघडून शिवानीनं वाचलं: दुरुस्तीनंतर गच्ची पुन्हा एकदा तपासावी. कशी, ते आता तिला ठाऊक होतं. पाऊस अजून वर्तमानपत्रातच होता.

खिडकीतल्या बाबूंनी तिला ओळखलं. "फिर से? मैडम, आपकी लाइन में चार अर्जियाँ आ गईं जलाभिषेक की. आपका क्या है अब?"

या वेळी शिवानीनं तिसऱ्या चौकोनात स्वतः खूण केली आणि पुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'उद्यापन.'

"यजमान का नाम?"

तिनं मागे वळून पाहिलं. रांगेत तिच्या पाठीशी विपुल उभा होता. एका हाताला मोना, दुसऱ्या हातात नुकत्याच घेतलेल्या दोन नव्या कोऱ्या बादल्या.

"ये रहे," ती म्हणाली.